गाळ-निवळण (खंडाळा–खोपोली जलमार्ग)

वाहत्या पाण्यात अधांतरी असलेली रेती, पोयटा व चिकणमाती पाण्यापासून वेगळी करण्याची क्रिया आणि तिच्यासाठी केलेली बांधकामे. टाटा जलविद्युत योजनेचे पाणी वळवण, शिरवटा व लोणावळा या तलावांतून कालव्याने खंडाळ्याच्या फोअरबेत, म्हणजे नळांच्या तोंडाशी असलेल्या कुंडात येते. तेथून पोलादी नळांतून घाट उतरून खोपोलीच्या वीजघरात पडते. हे वीजघर १९१५ मध्ये सुरू झाले.

पाणी येथे ५०० मीटरांहून अधिक उंचीवरून उतरते. त्यामुळे पेल्टन चक्राच्या, म्हणजे धारेच्या माऱ्याने फिरणाऱ्या जलचक्राच्या, वाट्यांवर आदळणाऱ्या धारेचा वेग सेकंदाला सुमारे १०० मीटर, म्हणजे ताशी ३६० किलोमीटरांच्या घरात जातो. या वेगाने आलेली रेती पोलादही खरवडते. धार सोडणाऱ्या तोटीची सुई आणि वाट्यांच्या कडा झिजल्या की धार फाटते व वीज कमी मिळते.

कण जितका बारीक तितका तो सावकाश बसतो. व्यास निम्मा झाला तर बारीक कणाचा बसण्याचा वेग चौथाईवर येतो. ०.२ मिमी व्यासाची रेती सेकंदाला सुमारे २ सेंमी खाली जाते, तर ०.००२ मिमीचा चिकणमातीचा कण दिवसभरात जेमतेम ३० सेंमी. जुलैत घाटातल्या ओढ्याचे पाणी काचेच्या ग्लासात भरून ठेवावे: रेती हात काढेपर्यंत तळाशी जाते, पोयटा तासाभरात बसतो, आणि दुसऱ्या दिवशीही वरचे पाणी फिक्या चहासारखे राहते. म्हणून गाळकुंडात प्रवाह रुंद करून त्याचा वेग मोडतात. कुंड खोल खणले की जास्त गाळ बसतो, ही समजूत चिवट आहे. पण किती बारीक कण अडेल हे खोलीवर नव्हे, पाण्याच्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावर ठरते, हे अ‍ॅलन हेझन याने १९०४ मध्येच मांडले. खोली लागते ती मुख्यतः बसलेला गाळ साठवायला.

हिमाचल प्रदेशातील नाथपा झाकडी प्रकल्पात सतलजचे पाणी थेट बोगद्यात घ्यावे लागते. त्यामुळे तेथे डोंगराच्या पोटात सुमारे अर्धा किलोमीटर लांबीची चार गाळदालने कोरावी लागली. खंडाळ्यात ते काम तलावच करून टाकतात. पावसाळ्यातले गढूळ पाणी साठ्यात थबकते आणि रेती तिथेच राहते. शिवाय सह्याद्रीचा खडक बेसाल्ट. हिमालयातल्या नद्यांसारखी गारगोटीची कठीण रेती त्यातून फारशी येत नाही. अर्थात ही सोय फुकट नाही: अडलेला गाळ तलावाची साठवण खातो. आणि तलावानंतरच्या उघड्या कालव्यात डोंगरउतारावरची माती, पाला नव्याने येऊ शकतो. अशा मार्गावर नळांच्या तोंडाशी लोखंडी गजांची जाळी लागतेच. ती पाल्याने तुंबली की दाताळ्याने ओढून साफ करतात.

खोपोलीतून सुटलेले पाणी पाताळगंगेत जाते. चक्राला चिकणमातीचे फारसे वावडे नसते, पिणाऱ्याला असते. पिण्याचे पाणी नुसते थांबवून भागत नाही. पूर्वी घरोघरी निवळीचे बी उगाळत किंवा तुरटी फिरवत. जलशुद्धीकरण केंद्रातही तुरटीनेच बारीक कणांचे पुंजके करून ते बसवतात. १९७३ मध्ये नागपूरजवळ रामटेकला जे. एन. कर्डिले यांच्या आराखड्यानुसार उभारलेल्या केंद्रात तुरटी मिसळलेले पाणी खडीच्या थरातून नेले गेले. खड्यांमधल्या वळणावळणांत पुंजके तयार होत, आणि पाणी घुसळणाऱ्या यंत्राची गरज उरत नसे.