चालत्या यंत्राचं शुद्धिपत्रक

परवा भाचा वाशीला घरी आला होता. म्हाप्याच्या एका डेटा सेंटरमध्ये नोकरीला आहे तो. आम्ही इकडे राहायला आलो तेव्हा ठाणे-बेलापूर रस्त्यावर रासायनिक कारखान्यांचा वास यायचा. आता त्याच पट्ट्यात, ऐरोली, रबाळे, म्हाप्यात, संगणकांनी भरलेल्या मोठमोठ्या इमारती उभ्या आहेत. बोलता बोलता म्हणाला, "मावशी, २०१८ चा जानेवारी मी जन्मात विसरणार नाही."

मी बी.ए., तेही मराठी माध्यमातून. त्याला म्हटलं, मला समजेल असं सांग. समजलं ते असं.

प्रोसेसरला दिलेल्या आज्ञा आत बारीक बारीक पायऱ्यांत पार पडतात. त्या पायऱ्यांची टाचणं म्हणजे मायक्रोकोड. ही कल्पना केंब्रिजच्या मॉरिस विल्क्स यांनी १९५१ साली मांडली. १९६४ च्या आयबीएम सिस्टिम/३६० मुळे ती सर्वत्र पसरली. गंमत म्हणजे आपली ती फ्लॉपी १९७१ मध्ये आली, ती आयबीएमच्या मोठ्या यंत्रांत हाच मायक्रोकोड भरण्यासाठी!

पुढे १९९४ मध्ये इंटेलच्या पेंटियम चिपचा भागाकार चुकतो, हे थॉमस नाइसली या गणिताच्या प्राध्यापकांनी उघड केलं. चूक सिलिकॉनमध्येच कोरलेली, खोडणार कशी? चिपा बदलून देण्यापायी कंपनीला ४७.५ कोटी डॉलरचा फटका बसला. १९९५ च्या पेंटियम प्रोमध्ये मात्र मायक्रोकोड बाहेरून दुरुस्त करायची सोय आली. म्हणजे छापून झालेल्या पुस्तकाला शुद्धिपत्रक! फक्त वीज गेली की ही चिठ्ठी गळून पडते, आणि यंत्र सुरू होताना दर वेळी पुन्हा डकवावी लागते.

आता भाच्याची अडचण. तिथला एकेक संगणक म्हणजे भाडेकरूंनी भरलेला वाडा. त्यांना खोल्या वाटून देणारा कारभारी म्हणजे हायपरवायझर. मायक्रोकोड म्हणजे वाड्याचा पाया. भाडेकरू त्याला हात लावू शकत नाहीत, कारभाऱ्यालाच ते करावं लागतं.

३ जानेवारी २०१८ ला मेल्टडाउन आणि स्पेक्टर हे दोष जाहीर झाले. प्रोसेसर पुढचं काम अंदाजाने आधीच करू लागतो, आणि त्या घाईत एका भाडेकरूचं गुपित दुसऱ्याला कळू शकतं. घाईघाईने शुद्धिपत्रक आलं. ते डकवल्यावर काही यंत्रं आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होऊ लागली, आणि २२ जानेवारीला इंटेलनेच सांगितलं, सध्या थांबा. रात्री जागून डकवलेलं पुन्हा रात्री जागून काढायचं!

"वाडा चालू असतानाच डकवता येत नाही का?" मी विचारलं.

"येतं. पण सगळ्या कोअरना एका क्षणी थांबवून. एकाच कोअरवरचे दोन धागे एकच मायक्रोकोड वापरतात. एकाला दुरुस्त करताना दुसरा काम करत राहिला तर घोटाळा. आणि दुरुस्तीत एखादी आज्ञाच रद्द झाली तर? २०१४ मध्ये हॅसवेल चिपांचं तसं झालं. ती आज्ञा आहे असं धरून आधीच सुरू झालेले प्रोग्राम कोसळायचे."

म्हणून शक्यतो भाडेकरूंना चालू कामासकट शेजारच्या वाड्यात हलवतात, रिकामं यंत्र दुरुस्त करून पुन्हा सुरू करतात, मग त्यांना परत आणतात.

हे ऐकताना मला १९८७ ची सहामाही आठवली. गणिताच्या पेपरात छपाईची चूक निघाली. मी एकेका वर्गात जाऊन प्रश्न रद्द झाल्याचं सांगत गेले. शेवटच्या वर्गात पोचेपर्यंत अर्धा तास उलटला होता. तिथल्या एका मुलीने तोच प्रश्न नेटाने सोडवला होता. डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "बाई, माझं उत्तर बरोबर आहे ना?" छापलेल्या आकड्यांप्रमाणे तिचं उत्तर अगदी बरोबर होतं. चूक प्रश्नात होती, आणि तिचा अर्धा तास मला परत देता आला नाही.

त्या दिवशी आधी सगळ्या वर्गांत एकदम घंटा द्यायला हवी होती. दुरुस्ती बरोबर असून भागत नाही, ती सगळ्यांपर्यंत एका वेळी पोचावी लागते. हे मला निवृत्तीनंतर, भाच्याकडून कळलं.

असो. या लेखात काही चुकलं असेल तर भाचा शुद्धिपत्रक देईलच. चूकभूल द्यावी घ्यावी.