नाव बदलले, की आजार बदलला?

नागपूरच्या धंतोलीत शिरले की गल्लीगल्लीत दवाखान्यांच्या पाट्या दिसतात. विदर्भातले कितीतरी पालक आपल्या मुलांना घेऊन इथे येतात. त्यांपैकी काहीजण पुढे आपल्याकडे, शाळेत, येतात तेव्हा त्यांच्या हातात डॉक्टरांचा एक कागद असतो. त्यावर लिहिलेले असते : 'स्वमग्नता' म्हणजेच ऑटिझम. हेच मूल १९६० साली डॉक्टरांसमोर आले असते, तर कागदावर बहुधा 'मतिमंद' किंवा 'बालवयातील स्किझोफ्रेनिया' असे लिहिले गेले असते. मूल तेच असताना नाव का बदलावे?

मलेरियाचे परोपजीवी रक्ताच्या थेंबात, सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. स्किझोफ्रेनिया किंवा स्वमग्नता ओळखण्यासाठी अशी एखादी तपासणी आजही नाही. डॉक्टर वागणे पाहतात, घरच्यांकडून पूर्वेतिहास ऐकतात आणि लक्षणांच्या जुळणीवरून निदान करतात. कोणती लक्षणे एका गटात धरायची हे माणसेच ठरवतात. म्हणून नवी माहिती मिळाली की गटांच्या सीमारेषा सरकतात.

नागपुरात मनोरुग्णालय सुरू झाले १८६४ साली. त्या काळात अशा संस्थेला 'ल्युनॅटिक असायलम', म्हणजे लोकांच्या भाषेत वेड्यांचे इस्पितळ, म्हणत. पुढे १९१२ च्या कायद्याने 'ल्युनॅटिक' या एकाच शब्दात जन्मापासून बुद्धी कमी असलेली व्यक्ती आणि मन बिघडलेली व्यक्ती, अशा दोघांनाही बसवले. हा कायदा १९९३ पर्यंत अमलात होता.

डॉक्टर मात्र तोवर बरेच पुढे गेले होते. तरुणपणी सुरू होऊन माणसाला खचवत नेणाऱ्या आजाराला जर्मनीतील एमिल क्रेपेलिन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'अकाली बुद्धिभ्रंश' या अर्थाचे नाव दिले होते. स्वित्झर्लंडमधील ऑयगेन ब्लॉयलर यांना ते पटले नाही, कारण सर्वच रुग्ण खचत जात नव्हते. त्यांनी १९०८ साली 'स्किझोफ्रेनिया' हा शब्द सुचवला. १९११ च्या आपल्या ग्रंथात या आजाराचे एक लक्षण सांगताना त्यांनी आणखी एक शब्द वापरला : 'ऑटिझम', म्हणजे बाहेरच्या जगाकडे पाठ फिरवून स्वतःतच बुडून जाणे. आज स्वतंत्र निदान म्हणून ओळखला जाणारा हा शब्द मुळात असा एका दुसऱ्या आजाराचे लक्षण म्हणून जन्मला.

१९३८ साली अमेरिकेतील एका वडिलांनी बाल्टिमोरच्या डॉ. लिओ कॅनर यांना आपल्या मुलाविषयी तेहतीस पानी पत्र पाठवले. मूल काय बोलते, काय फिरवत बसते, हाकेला ओ देते की नाही, हे सारे त्यात बारकाईने लिहिले होते. अशी अकरा मुले पाहून कॅनर यांनी १९४३ साली लेख लिहिला. त्यांनी शब्द ब्लॉयलर यांचाच घेतला, पण स्किझोफ्रेनियाहून याचे वेगळेपण त्यांनी दाखवले : ही मुले जगापासून पुढे कधीतरी दूर गेलेली नव्हती, ती सुरुवातीपासूनच अशी होती.

तरीही अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या १९५२ आणि १९६८ च्या वर्गीकरणांत अशी मुले 'बालवयातील स्किझोफ्रेनिया' याच खात्यात राहिली. दरम्यान, आईच्या थंडपणामुळे मूल असे होते हा समजही पसरला आणि असंख्य मातांना नाहक अपराधी ठरवले गेले. १९७१ साली इंग्लंडमध्ये इझ्रायल कोल्विन यांनी मुलांचे आजार कोणत्या वयात सुरू झाले ते मांडून पाहिले. एक गट तीन वर्षांच्या आतला निघाला, दुसरा पाच वर्षांनंतरचा. दुसऱ्या गटात भास होणे नेहमीचे होते, पहिल्यात ते जवळजवळ नव्हतेच. १९७७ साली जुळ्या मुलांच्या अभ्यासातून आनुवंशिकतेचा वाटा दिसला आणि आईवरचा आरोप डळमळीत झाला. १९८० साली ऑटिझमला वर्गीकरणात स्वतंत्र जागा मिळाली. १९९४ साली 'अ‍ॅस्पर्गर' हे वेगळे नाव त्याच्या शेजारी आले आणि २०१३ साली ते पुन्हा ऑटिझमच्या एकाच व्यापक पटात मिसळले गेले.

नावाचा हा खेळ कागदावरच राहत नाही. अपंगांसाठीच्या १९९५ च्या भारतीय कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, पण त्यांत स्वमग्नता नव्हती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तिचा उल्लेख आला आणि २०१६ च्या कायद्यातील एकवीस प्रकारांत तिला स्थान मिळाले. यादीत नाव नसेल तर हक्क मागायचा तरी कशाच्या आधारावर?

मग नावे बदलतात म्हणून निदान खोटे मानायचे का? तसे नाही. मुलाची अडचण खरीच असते. ती समजून घेण्याची आपली रीत सुधारत जाते. नाव मदतीचे दार उघडते, पण त्या नावात संपूर्ण मूल मावत नाही. ही सुधारणा घडली ती बारकाईने केलेल्या नोंदींमुळे, आणि त्यांतली एक मोठी नोंद एका वडिलांची होती. वर्गात रोज पाच तास मुलाला पाहणारे शिक्षकही अशा नोंदी ठेवू शकतात. मूल कोणत्या आवाजाने दचकते, कोणाशेजारी शांत बसते, काय मनापासून करते, हे तारीखवार लिहून पालकांच्या हाती द्यावे. धंतोलीतल्या डॉक्टरांच्या टेबलावर त्या कागदाचे मोल एखाद्या तपासणीच्या अहवालाइतकेच असेल.