देशावरचे नियम आणि पाटणचा उतार

संगणकाच्या मार्गदर्शिकांविषयीं एक तक्रार नेहमीं ऐकूं येते. लेखक विंडोज प्रणाली गृहीत धरून सर्व कृति सांगतो. लिनक्सवर काम करणाऱ्याच्या वांट्यास फार तर एखादी तळटीप येते. आपली रीत तीच सर्वांची, असें मानण्याची ही खोड जुनी आहे. सातारा जिल्ह्यांतील पाटण तालुक्याच्या जमीनपाहणींत तिचा बोधप्रद दाखला मिळतो.

जमीन मोजून सारा ठरविण्याची मुंबई इलाख्याची पद्धति गोल्डस्मिड आणि विंगेट यांनीं १८३५ पासून इंदापूरकडील सपाट मुलखांत बसविली. डेव्हिडसन यांच्यासह त्यांनीं १८४७ सालीं सादर केलेला संयुक्त अहवाल पुढें या कामाचा प्रमाणग्रंथ झाला. १८४८ मध्यें सातारचें राज्य खालसा झालें आणि हीच मोजणी यथाकाल कोयनाकांठीं आली.

अहवालांत मातीचे नऊ वर्ग होते. पावणेदोन हात खोलीची उत्तम माती १६ आण्यांची, तर नवव्या वर्गाची अवघी २ आण्यांची. मग दोष मोजावयाचे: वाळू, चुनखडीचे खडे, पाणी न मुरणें इत्यादि. प्रत्येक दोषागणिक जमीन एकेक वर्ग खालीं जाई. या यादींत 'उतार' हाहि एक दोष होता. शेताचा आकार बैलांची एक जोडी किती जमीन करूं शकते, यावरून ठरे.

देशावर हें योग्यच होतें. पाटणच्या डोंगरांत मात्र जिकडे पाहावें तिकडे उतारच. तेथें नाचणी-वरी पातळ मातींत कुदळीच्या बळावर पिके आणि कांहीं वर्षांनीं जमीन दीर्घकाळ पडीत ठेवावी लागे. दोष धरल्यानें सारा हलका होई, हा लाभ खरा. परंतु या फिरत्या शेतीचा क्रम नोंदण्यास त्या कोष्टकांत रकानाच नव्हता.

सुधारणेची वाटहि याच पद्धतींत सांपडते. भाताच्या व बागायती जमिनींस पाण्याची स्वतंत्र कसोटी लावण्यांत आली; म्हणजे भिन्न रीतीस तिचें स्वतःचें प्रकरण मिळालें.

संगणकाच्या लेखकांनींहि तेंच करावें. फाइलीचा मार्ग लिहितांना विंडोजमध्यें डावीकडे झुकणारी रेघ येते, लिनक्समध्यें उजवीकडे झुकणारी. एवढ्याशा भेदानेंहि आज्ञा फसूं शकते. म्हणून कोणती प्रणाली गृहीत धरली आहे तें आरंभींच सांगावें, भिन्न कृति शेजारींशेजारीं समान मानानें द्याव्या, आणि छापण्यापूर्वीं त्या त्या प्रणालीच्या नित्य वापरणाऱ्याकडून त्या करवून पाहाव्या.