मठाचे माप

गोंदियाच्या उत्तरेला, धानाच्या बांध्यांमध्ये वसलेल्या नागऱ्यात शंकराचे जुने दगडी देऊळ आहे. महाशिवरात्रीला तिथे माणसांची रीघ लागते. देवळाला सगळे हेमाडपंती म्हणतात. महाराष्ट्रात चुना न वापरता रचलेले जुने देऊळ दिसले की ते हेमाडपंताचे, मोडी अक्षर त्याचे, बाजरी आणली तीही त्यानेच. साहजिकच मराठी मुलुखात हिशेबाचे शिक्षण कोणी रुजवले, असे विचारले तरी बोट त्याच्याकडेच जाते. त्याला आधारही आहे. हेमाडपंत म्हणजेच हेमाद्री हा देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा श्रीकरणाधिप होता, म्हणजे सगळ्या दप्तराचा मुख्य. कारकुनांसाठी पत्रांचे मायने आणि हिशेबाच्या रीती सांगणारे ‘मेस्तक’ त्याच्याच नावावर चालत आले.

पण शाळेतल्या ‘शाब्दिक उदाहरणा’चे कूळ शोधायचे असेल, तर हेमाद्रीच्या पन्नासेक वर्षे मागे आणि नागऱ्यापासून दूर पश्चिमेला जावे लागते. शेतकरी, व्यापारी, तळे, वारा, कमळ यांना घेऊन रचलेल्या गणिताचे मराठी घर चाळीसगावजवळच्या पाटणला आहे. तिथल्या एका दगडावरची दोन-तीन वाक्ये या विषयाला निराळेच वळण देतात.

पाटण आज गौताळा अभयारण्याच्या जंगलात आहे. तिथल्या देवीच्या देवळातला शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५मध्ये विद्वानांसमोर मांडला. लेखाचा काळ शके ११२८, म्हणजे इ.स. १२०६-०७च्या सुमाराचा. गणिती भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा सिंघण यादवाच्या दरबारी मुख्य ज्योतिषी होता. आजोबांचे ‘सिद्धान्तशिरोमणी’ आदी ग्रंथ आणि त्यांच्या कुळातल्या इतरांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने पाटणला मठ काढला. निकुंभ वंशातल्या स्थानिक राजांनी त्याला दान दिले. वंशावळी आणि स्तुती संस्कृतात आहे. दानाच्या व्यवहारी अटी मात्र मराठीत उतरल्या आहेत, बहुधा त्या ज्यांनी पाळायच्या त्यांना संस्कृत येत नसावे म्हणून.

त्या अटी वाचण्यासारख्या आहेत. पाटणच्या पेठेत जो माल विकला जाईल, त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारा भाग मठाला. तेलाच्या घाण्यामागे पळी पळी तेल. आणि सर्वांत महत्त्वाची अट अशी की पेठेत जे काही मापायचे ते मठाच्या मापाने मापावे, आणि मापणावळ निम्मी मठाला व निम्मी मापाऱ्याला द्यावी.

भास्कराचार्यांचे गणित शिकवणाऱ्या शाळेच्या ताब्यात गावच्या बाजाराचे माप होते! मराठीतल्या शाब्दिक गणिताचा जन्म इथे झाला, असे म्हणायला हरकत नाही.

यावर आक्षेप येणारच. मठाला, देवळाला पेठेच्या उत्पन्नातला वाटा तोडून देणे ही त्या काळची सर्रास चाल होती. मापाचे मानक देवस्थानाजवळ ठेवणेही सोयीचे, कारण देवासमोर मापात खोट करायला माणूस कचरतो. त्यामुळे ही अट म्हणजे नुसती उत्पन्नाची सोय, शिक्षणाशी तिचा संबंध काय, असे कोणी म्हणेल. हा आक्षेप वजनदार आहे, पण तो त्या मठात शिकवले जाणारे पुस्तकच विसरतो. ‘सिद्धान्तशिरोमणी’चा पहिला भाग म्हणजे ‘लीलावती’, रचना शके १०७२, इ.स. ११५०. तिची सुरुवात सूत्रांनी होत नाही, बाजाराच्या कोष्टकांनी होते. वीस वराटकांची काकिणी, चार काकिणींचा पण, सोळा पणांचा द्रम्म. मग धान्याची मापे: चार कुडवांचा प्रस्थ, चार प्रस्थांचा आढक, चार आढकांचा द्रोण, सोळा द्रोणांची खारी. खारी म्हणजे हातभर लांब, हातभर रुंद आणि हातभर खोल पेटीत मावेल तेवढे धान्य. हे पाठ करणाऱ्या मुलाच्या दाराशीच पाटणचा मापारी मठाचे माप घेऊन उभा असणार. मापणावळीच्या निम्म्या वाट्यातूनच बहुधा त्या मुलाचे जेवणही निघत असावे. पुस्तकातला प्रस्थ आणि अंगणातला प्रस्थ एकमेकांशी ताडून पाहायला त्याला उठून चार पावलेच जायचे होते.

‘लीलावती’ ज्या रीतीने शिकवते ती पाहिली की हा संबंध अधिक घट्ट होतो. आधी रीत, लगेच उदाहरण, मग दुसरे उदाहरण. मराठी शाळेत आजही मूल ‘उदाहरण सोडवते’, तो शब्दप्रयोग याच मांडणीतून आलेला दिसतो.

‘लीलावती’तले कमळाचे उदाहरण गोंदिया-भंडाऱ्याच्या माणसाला आपलेच वाटावे. कोहळी लोकांनी बांधलेल्या तलावांचा हा मुलूख, आणि नवेगावबांधपासून गावोगावच्या बोड्यांपर्यंत कमळ सगळ्यांच्या पाहण्यातले. उदाहरण असे आहे की कमळाची कळी पाण्यावर एक वीत आहे. वाऱ्याने ती हळूहळू कलली आणि दोन हातांवर पाण्यात बुडाली. तर पाणी किती खोल? रीत मराठीत तोंडी होते. दोनाचा वर्ग चार. एक वीत म्हणजे अर्धा हात, त्याने चाराला भागले की आठ. आठातून तो अर्धा काढला की साडेसात. त्याचे निम्मे पावणेचार. पाणी पावणेचार हात खोल. निमकी आणि पाऊणकी, म्हणजे अर्ध्याचे आणि पाऊणचे पाढे, पाठ असलेल्या मुलाला कागद लागत नाही.

इथे दुसरा वाद उभा राहतो, तो उसनवारीचा. चीनच्या हान काळातल्या ‘नऊ प्रकरणे’ या ग्रंथात हेच गणित आहे. दहा छी (हे लांबीचे चिनी माप) लांब-रुंद चौरस तळे, मधोमध बोरू, पाण्यावर एक छी. तो काठाकडे ओढला की टोक काठाला लागते. पाणी बारा छी खोल. वाऱ्याने मोडलेल्या बांबूचे उदाहरणही दोन्हीकडे आहे. चीनमध्ये बांबू दहा छी उंच, ‘लीलावती’त बत्तीस हात. तेव्हा भास्कराचार्यांनी ते चिन्यांकडून घेतले, असा तर्क होतो. पण कमळाचे गणित भास्कराचार्यांच्या आधी पाचशे वर्षे भारतात रुळलेले होते. ‘आर्यभटीया’वर ६२९मध्ये टीका लिहिणाऱ्या पहिल्या भास्कराने ते दिले आहे, आणि त्या भास्कराचा संबंध गोदावरीच्या अश्मक देशाशी जोडला जातो. शिवाय दोन्ही गणितांचा स्वभाव वेगळा आहे. चीनच्या तळ्याला मापलेला काठ आहे आणि बोरू माणूस ओढतो. भारतीय तळ्याला काठाचे माप नाही आणि कमळ वाऱ्याने कलते. पहिले गणित तळी खोदणाऱ्या अधिकाऱ्याचे वाटते, दुसरे काठावर उभे राहून पाहणाऱ्याचे. गणित प्रवासाने आले असेलही. पण त्यातला बोरू काढून कमळ लावणाऱ्याने शिक्षक म्हणून मोठे काम केले. शिकणाऱ्याच्या गावात जे उगवते ते त्याने गणितात आणले.

कुडवाची गोष्ट याहून चमत्कारिक आहे. पूर्व विदर्भात धान पायली, कुडो आणि खंडी यांनी मोजत. कुडो म्हणजे ‘लीलावती’तला कुडवच, आणि वीस कुडवांची एक खंडी. आता गोव्यात जा. तिथेही भात कुडवाने मोजत, आणि तिथेही खंडी वीस कुडवांचीच. मधल्या देशावर मात्र खंडी वीस मणांची. मराठी-कोंकणी पट्ट्याच्या दोन टोकांना, दोन्ही भाताच्या मुलुखांत, एकच नाव आणि एकच कोष्टक टिकावे हा योगायोग नाही. अडचण एकच. ग्रंथातला कुडव सर्वांत लहान, खारीत १०२४ बसतात. गोंदियातला कुडो पायलीहून मोठा. यावरून काहीजण दोन्ही शब्दच वेगळे मानतील. पण मापांची नावे अशी सरकतच असतात. मणसुद्धा गावागणिक बदले. लहान मापाचे नाव मोठ्या भांड्याला चिकटले, कारण भाताच्या मुलुखात रास मोठी आणि मोजणे वारंवार, असे मानणेच जास्त सरळ आहे.

हिशेबाच्या शिक्षणाचे पुढचे टप्पे ठाऊक असलेले. पंतोजींच्या शाळेत धूळपाटी, पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. १८१६मध्ये मुंबईत जॉन टेलरने ‘लीलावती’ इंग्रजीत आणली. त्यानंतरच्या दशकात जॉर्ज जर्व्हिसच्या देखरेखीखाली इंग्रजी गणित मराठी पुस्तकांत आले. १९३७च्या वर्धा परिषदेनंतर नई तालीमच्या शाळांत टकळीवरचे सूत मोजताना गणित शिकवले गेले. १९५७मध्ये नवे पैसे आले, पाठोपाठ किलो-लिटर, आणि पावकीची बाजारातली गरज संपली.

पाटणच्या अटीचा अर्थ मात्र १९८५मध्ये ब्राझीलहून नव्याने कळला. रेसिफे शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या पाच मुलांना तेरेझिन्या कॅराहेर आणि सहकाऱ्यांनी गिऱ्हाईक बनून प्रश्न विचारले. गाड्यावर ९८ टक्के उत्तरे बरोबर आली. तीच गणिते नुसत्या आकड्यांत मांडून दिली तेव्हा ३७ टक्केच. पस्तीसला एक, तर दहा नारळांचे किती? एका मुलाने पस्तिसावर शून्य दिले नाही. तिनाचे एकशेपाच त्याला तोंडपाठ होते, ते तीनदा घेऊन त्याने वर एकाचे पस्तीस मिळवले. मापारी खंडी मोजताना हेच करत असे. पहिल्या मापाला तो ‘एक’ म्हणत नसे, ‘लाभ’ म्हणे, मग दोन, तीन करत विसापर्यंत जाई आणि तिथे एक खूण बाजूला ठेवी. ठाऊक असलेला गठ्ठा धरायचा आणि पुढे चालायचे, ही दोघांची रीत.

आणि हीच रीत जिल्हा परिषदांच्या शाळांत भरणाऱ्या बालबाजारात दिसते. मुले घरची वांगी, मेथी, बोरे घेऊन बसतात, गावकरी खरेदी करतात, सुट्ट्या पैशांवरून घासाघीस होते. बहुतेक ठिकाणी संध्याकाळी विक्रीची बेरीज फळ्यावर येते आणि कार्यक्रम संपतो. ‘लीलावती’ची मांडणी इथून पुढे सुरू होते. दुसऱ्या दिवशी त्याच मुलांनी आपल्याच विक्रीवरून एकमेकांसाठी उदाहरणे रचायची. पाटणच्या लेखातली निम्म्या-निम्म्याची अट त्यासाठी तयारच आहे: शाळेच्या मापाने वीस कुडो धान मापले, खंडीमागे मापणावळ एक पायली, तर शाळेला किती आणि मापाऱ्याला किती? आणि मापणावळ कुडोमागे पाव पायली केली तर?