जीवशास्त्रीय संशोधनातील मेघसंगणन

मेघसंगणन अथवा क्लाऊड कॉम्प्युटिंग म्हणजे दूरच्या विदाकेंद्रातील संगणक, साठवणजागा आणि आज्ञावली महाजालावरून गरजेपुरत्या वापरण्याची व वापराच्या प्रमाणात मोबदला देण्याची पद्धत होय. जीवशास्त्रात जनुकसंचाचे विश्लेषण, प्रथिनांच्या रचनेचे अनुमान, सूक्ष्मदर्शकीय प्रतिमांचा अभ्यास इत्यादी कामांसाठी ती वापरली जाते. मोठी संगणकयंत्रणा विकत घेणे न परवडणाऱ्या महाविद्यालयांना आणि संशोधकांना या पद्धतीमुळे मोठी आकडेमोड करता येते. मात्र खर्चावरील नियंत्रण, माहितीची गोपनीयता आणि निष्कर्षांची पडताळणी यांची जबाबदारी संशोधकाकडेच राहते.

पार्श्वभूमी

मानवी जनुकसंच प्रकल्प २००३ साली पूर्ण झाला. त्यानंतर डीएनएचे क्रमवाचन करणारी यंत्रे झपाट्याने स्वस्त व वेगवान झाली. परिणामी संशोधनातील मुख्य अडचण प्रयोगशाळेतून संगणकाकडे सरकली. नमुना वाचणे सोपे झाले, परंतु वाचलेला मजकूर साठवणे, जुळवणे आणि त्याचा अर्थ लावणे अवघड झाले.

विदर्भातील प्रमुख पीक असलेल्या कपाशीचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. कपाशीवरील संशोधनासाठी नागपूर येथे १९७६ साली केंद्रीय कापूस संशोधन संस्था स्थापन झाली. सर्वाधिक लागवडीखाली असलेल्या अमेरिकन कपाशीच्या जनुकसंचात सुमारे २५० कोटी अक्षरजोड्या आहेत. ही अक्षरे म्हणजे अॅडेनिन, थायमिन, ग्वानिन व सायटोसिन हे डीएनएचे चार घटक होत. चुका टाळण्यासाठी प्रत्येक जागा सरासरी ३० वेळा वाचली, तर ७,५०० कोटी अक्षरे मिळतात. प्रत्येक अक्षरासोबत त्याच्या विश्वासार्हतेचे एक चिन्ह नोंदवले जाते. एका चिन्हास एक बाइट धरल्यास एका वाणाची मूळ संचिका सुमारे १५० गिगाबाइटची होते व १०० वाणांच्या तौलनिक अभ्यासास १५ टेराबाइट जागा लागते. संचिका संक्षिप्त केल्यास हा आकार बराच घटतो, परंतु विश्लेषणाच्या मधल्या टप्प्यांवर नव्या संचिका तयार होत असल्याने एकूण गरज पुन्हा वाढते. शिवाय या कपाशीचा जनुकसंच दोन प्राचीन पूर्वजांच्या जनुकसंचांच्या संयोगातून बनलेला आहे. त्यातील बरेच तुकडे एकमेकांसारखे दिसतात व त्यांची योग्य जागा ठरवणे कठीण जाते. जनुकसंच नव्याने जोडण्याच्या कामास त्यामुळे मोठ्या स्मृतिक्षमतेचा संगणक लागतो. असे काम वर्षातून काही आठवडेच चालत असेल, तर त्यासाठी यंत्र विकत घेणे व्यवहार्य ठरत नाही.

सेवांचे प्रकार

अमेरिकेतील राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने २०११ साली प्रसिद्ध केलेल्या व्याख्येनुसार मेघसेवांचे तीन मुख्य प्रकार आहेत.

पायाभूत सेवा : यात वापरकर्त्याला रिकामा आभासी संगणक व साठवणजागा मिळते. आज्ञावली बसवणे, सुरक्षा राखणे आणि काम संपल्यावर यंत्र बंद करणे ही कामे त्यालाच करावी लागतात. अॅमेझॉनने ही सेवा २००६ साली सुरू केली.

मंच सेवा : यात आवश्यक प्रणाली आधीच बसवलेली असते. संशोधक आपली आज्ञावली लिहून ती तेथे चालवतो.

सॉफ्टवेअर सेवा : यात तयार साधन न्याहाळकातूनच वापरता येते. गॅलेक्सी हा मुक्त मंच जीवशास्त्रात विशेष प्रचलित आहे. त्याच्या सार्वजनिक सर्व्हरांवर नोंदणी केलेल्यांना ठरावीक मर्यादेपर्यंत मोफत विश्लेषण करता येते व आज्ञावली लिहिता येणे आवश्यक नसते. नवशिक्या विद्यार्थ्यांसाठी हा मार्ग सोयीचा समजला जातो.

विदेकडे जाणारी आकडेमोड

पूर्वी संशोधक संचिका आपल्या संगणकावर उतरवून घेत आणि तेथेच तिच्यावर काम करीत. मोठ्या संचिकांच्या बाबतीत ही रीत निरुपयोगी ठरते. नागपूरच्या प्रतापनगरसारख्या निवासी वस्तीत घरी बसलेल्या विद्यार्थ्याकडे सेकंदाला १०० मेगाबिट वेगाची जोडणी आहे असे मानले, तर १५० गिगाबाइटची एक संचिका उतरवण्यास किमान ३ तास २० मिनिटे लागतील. १०० वाणांच्या संचिकांना हाच काळ सुमारे १४ दिवसांवर जातो. म्हणून विदा जेथे साठवली आहे, तेथेच आकडेमोड करून केवळ निष्कर्ष आपल्याकडे आणणे हे मेघसंगणनाचे मुख्य सूत्र आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय जैवतंत्रज्ञान माहिती केंद्राने आपल्या क्रमवाचन संग्रहाच्या प्रती अॅमेझॉन व गूगल यांच्या मेघांवर ठेवल्या आहेत. सार्वजनिक विदेवर काम करणाऱ्या विद्यार्थ्याला त्या स्वतःकडे न उतरवता वापरता येतात.

भारतातील सुविधा

सामायिक संगणन भारतीय संशोधकांना नवे नाही. पुणे येथे १९८८ साली स्थापन झालेल्या प्रगत संगणन विकास केंद्राने म्हणजेच सी-डॅकने १९९१ साली परम ८००० हा महासंगणक तयार केला. याच केंद्राची जैवमाहितीशास्त्र सुविधा देशभरातील संशोधकांना दूरस्थ पद्धतीने महासंगणक उपलब्ध करून देते. महासंगणकात कामे रांगेत लावली जातात व क्षमता ठरलेली असते, तर मेघात गरजेनुसार यंत्रांची संख्या वाढवता वा घटवता येते, हा दोहोंतील प्रमुख भेद होय.

केंद्र शासनाने मेघराज या उपक्रमांतर्गत २०१४ साली राष्ट्रीय मेघसेवा सुरू केली. खासगी सेवांपैकी मायक्रोसॉफ्टने २०१५ साली पुणे, मुंबई व चेन्नई येथील, अॅमेझॉनने २०१६ साली मुंबईतील आणि गूगलने २०१७ साली मुंबईतील विदाकेंद्रांतून सेवा देण्यास प्रारंभ केला. फरीदाबाद येथील भारतीय जैविक विदा केंद्राचे उद्घाटन १० नोव्हेंबर २०२२ रोजी झाले. उद्घाटनाच्या वेळी त्याची साठवणक्षमता ४ पेटाबाइट होती. १०,००० भारतीयांच्या जनुकसंचांचा समावेश असलेल्या जीनोम इंडिया प्रकल्पाची विदा ९ जानेवारी २०२५ रोजी या केंद्रामार्फत नियंत्रित स्वरूपात संशोधकांसाठी खुली करण्यात आली.

साथरोग आणि विदेची देवाणघेवाण

कोविड-१९च्या विषाणूंचे जनुकीय सर्वेक्षण करण्यासाठी डिसेंबर २०२० मध्ये इन्साकॉग हा प्रयोगशाळांचा समूह स्थापन झाला. आरंभी त्यात १० प्रयोगशाळा होत्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावतीसह विदर्भाच्या काही भागांत रुग्णसंख्या वाढू लागली. महाराष्ट्रातील नमुन्यांत ई४८४क्यू व एल४५२आर हे बदल असलेल्या विषाणूंचे प्रमाण वाढल्याचे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २४ मार्च २०२१ रोजी जाहीर केले. या विषाणूच्या बी.१.६१७ या वंशातील एका उपवंशास जागतिक आरोग्य संघटनेने ३१ मे २०२१ रोजी डेल्टा हे नाव दिले.

या विषाणूचा जनुकसंच अवघा सुमारे ३०,००० अक्षरांचा आहे. त्यामुळे एका नमुन्यासाठी मोठा संगणक लागत नाही. विषाणूचा प्रकार ओळखणारे नेक्स्टक्लेड हे साधन तर वापरकर्त्याच्या न्याहाळकातच आकडेमोड करते व नमुन्याची माहिती बाहेर पाठवत नाही. परंतु निरनिराळ्या प्रयोगशाळांतील हजारो नमुने एकत्र आणून त्यांची वेळेत तुलना करावयाची असल्यास सामायिक साठवण व संगणन आवश्यक ठरते. मेघाची गरज विदेच्या आकाराइतकीच सहकार्याच्या व्याप्तीवरही अवलंबून असते.

खर्च

मेघसेवेचे देयक यंत्राच्या चालू तासांवर आकारले जाते, झालेल्या कामावर नव्हे. ताशी ४० रुपये दराचे यंत्र बंद करावयाचे राहून गेल्यास ३० दिवसांत २८,८०० रुपयांचे देयक येईल, मग त्यावर काही काम झालेले असो वा नसो. विदा मेघावर चढवणे बहुधा विनामूल्य असते, परंतु ती बाहेर उतरवण्यास शुल्क पडते. खर्चाची मर्यादा ओलांडताच सूचना मिळेल अशी व्यवस्था करणे, मधल्या संचिका पुसणे, क्वचित लागणारी विदा स्वस्त साठवणीत हलवणे आणि प्रथम लहान नमुन्यावर चाचणी घेणे हे उपाय रूढ आहेत. अल्प सूचनेवर काढून घेतली जाणारी यंत्रे बरीच स्वस्त मिळतात. मध्येच खंड पडला तरी पुढे चालू ठेवता येईल अशाच कामांसाठी ती योग्य होत.

गोपनीयता व कायदा

वनस्पती वा जिवाणूंच्या विदेपेक्षा मानवी जनुकीय विदेचा प्रश्न निराळा आहे. परवलीचा शब्द उघड झाल्यास बदलता येतो, जनुकसंच बदलता येत नाही. तो उघड झाल्यास त्या व्यक्तीच्या रक्ताच्या नातेवाइकांविषयीही माहिती मिळू शकते. केवळ नाव काढून टाकणे पुरेसे नसते. वाय गुणसूत्रावरील माहिती आणि महाजालावरील वंशावळी यांची सांगड घालून काही निनावी दात्यांची आडनावे शोधता येतात, असे २०१३ साली सायन्स या नियतकालिकातील शोधनिबंधाने दाखवून दिले.

भारतात मानवी सहभागाच्या संशोधनास भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वे लागू होतात. वैयक्तिक माहितीच्या रक्षणासाठी २०२३ साली डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम संमत झाला. मानवी नमुन्यांची विदा मेघावर ठेवण्यापूर्वी संस्थेच्या नैतिकता समितीची मान्यता, सहभागींच्या संमतिपत्रातील तरतूद, विदाकेंद्राचे ठिकाण, सांकेतिकीकरण आणि प्रवेशाधिकार या बाबी तपासणे आवश्यक असते. सेवा देणारी कंपनी आपल्या इमारतीची व यंत्रांची सुरक्षा सांभाळते, परंतु संचिका चुकून सर्वांसाठी खुली राहिली तर तो दोष वापरकर्त्याचा ठरतो.

पुनरुत्पादनक्षमता आणि मर्यादा

तेच काम दुसऱ्या संशोधकास करता यावे यासाठी आज्ञावल्यांच्या आवृत्त्या, वापरलेला संदर्भ जनुकसंच व निवडलेले पर्याय नोंदवणे आवश्यक असते. डॉकरसारख्या साधनाने आज्ञावली तिच्या सर्व पूरक घटकांसह एकाच पेटीत बांधता येते, तर नेक्स्टफ्लो व स्नेकमेक यांसारखी साधने विश्लेषणाच्या पायऱ्या ठरलेल्या क्रमाने चालवतात. अशी बांधणी केलेले काम प्रयोगशाळेतील संगणकावर, महासंगणकावर किंवा मेघावर फारसा बदल न करता चालवता येते व एकाच कंपनीवरील अवलंबित्व कमी होते.

वर्षभर अखंड चालणाऱ्या कामासाठी स्वतःचा सर्व्हर किंवा संस्थेचा महासंगणक मेघापेक्षा स्वस्त पडू शकतो. संशोधनाचे अनुदान संपल्यावर मासिक शुल्क कोण भरणार, हे ठरलेले नसल्यास साठवलेली विदा गमावण्याचा धोका असतो. त्यामुळे मूळ विदेची एक प्रत संस्थेत किंवा सार्वजनिक संग्रहात जतन करणे आणि प्रकल्पाच्या आरंभीच साठवणीची तरतूद करणे हितावह मानले जाते.