चाकरमान्याचा ठावठिकाणा

२०२० च्या ऑगस्टात मुंबईहून रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेडला निघालेल्या माणसाला कशेडीच्या नाक्यावर थांबावं लागत होतं. आपण कोण, कुठून आलो, कोणत्या गावी आणि कोणत्या वाडीत जाणार, हे सांगितल्यावर आणि अंगातला ताप मोजून झाल्यावरच गाडी पुढे सुटे. गणेश चतुर्थी त्या वर्षी २२ तारखेला होती. एसटीनं १२ ऑगस्टच्या आत येणाऱ्याला ई-पास नको, पण गावी पोचल्यावर दहा दिवस विलगीकरण; त्यानंतर येणाऱ्याला करोनाची चाचणी; खासगी गाडीला ई-पास हवाच, असे नियम होते. त्याआधी मार्चमध्ये राज्य सरकारनं घरी विलगीकरणात राहणाऱ्यांच्या डाव्या हातावर शाईचा शिक्का मारायला सुरुवात केली होती. २ एप्रिलला केंद्राचं ‘आरोग्य सेतू’ आलं. राज्यातल्या काही शहरांत ‘महाकवच’ नावाचं अ‍ॅप वापरलं गेलं. विलगीकरणातला माणूस आखून दिलेल्या हद्दीबाहेर गेला की ते यंत्रणेला कळवत असे, आणि त्यानं घरूनच स्वतःचा फोटो काढून हजेरी लावायची होती.

रायगड जिल्हा सोडून रत्नागिरीत शिरताना महामार्गावर लागणारी वेस म्हणजे कशेडी. या वेशीच्या आत माणसाला अडवून त्याच्यावर नजर ठेवण्याला शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे.

६ जानेवारी १९२४ रोजी विनायक दामोदर सावरकर येरवड्याच्या तुरुंगातून सुटले ते अटींवर. रत्नागिरी जिल्ह्यातच राहायचं, सरकारच्या परवानगीवाचून जिल्ह्याबाहेर जायचं नाही, राजकारणात भाग घ्यायचा नाही. मुदत पाच वर्षांची होती, ती वाढत वाढत १९३७ पर्यंत गेली. तेवढी सगळी वर्षं या रस्त्यावरची त्यांची हद्द कशेडीला संपत होती. त्यांच्याही आधी, १८८६ मध्ये, ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा याला इंग्रजांनी रत्नागिरीत आणून ठेवलं. रेल्वे नाही, पावसाळ्यात समुद्र बंद, त्यामुळे इथून कुणी सहज निसटणार नाही, हा जिल्ह्याचा गुण सरकारला ठाऊक होता. थिबावर देखरेख करायला खास अधिकारी नेमलेला होता. राजाचा खर्च किती, भेटायला कोण येतं, घरात काय चाललं आहे, याच्या नोंदी मुंबईला जात. १९१० साली त्याच्यासाठी राजवाडा बांधून झाला. त्या वाड्यात सहा वर्षं राहून १९१६ च्या डिसेंबरात तो वारला. परवानगीशिवाय जिल्ह्याबाहेर जाणं त्याला अखेरपर्यंत जमलं नाही.

राजाला आणि राजबंद्याला निदान अधिकारी दिसत होता, अर्ज कुणाकडे करायचा ते माहीत होतं. देशावरच्या भटक्या जमातींच्या वाट्याला याहून वाईट आलं. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९११ च्या दुरुस्तीनंतर मुंबई इलाख्यालाही लागू झाला. एखादी जमात सरकारनं ‘गुन्हेगार’ ठरवली की तिच्यात जन्मलेल्या माणसाचं नाव नोंदवहीत जाई, बोटांचे ठसे घेतले जात, ठरल्या वेळी पोलिसांपुढे हजेरी द्यावी लागे आणि गाव सोडायचं तर पास घ्यावा लागे. सोलापूरला तर तारेच्या कुंपणात अख्खी वसाहत होती. तिथल्या माणसानं गुन्हा केला आहे की नाही हा प्रश्नच नव्हता. तो आज रात्री कुठे झोपणार आहे, एवढंच सरकारला हवं होतं. स्वातंत्र्यानंतर, ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, देशभरात हा कायदा संपला. त्याची धग पुढच्या पिढ्यांनाही सोसावी लागली, हे मराठी वाचकाला लक्ष्मण माने आणि लक्ष्मण गायकवाड यांच्या आत्मकथनांमुळे माहीत झालं.

खेडच्या सामान्य माणसाचा ठावठिकाणा मात्र सरकारनं नव्हे, त्याच्याच माणसांनी ठेवला.

डोंगरउताराची नाचणी-वरीची शेती आणि खोताचा वाटा यांच्यात घर चालेना, म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इथला गडी मुंबईच्या गिरण्यांत गेला. जगबुडी नदी वाशिष्ठीला मिळते आणि वाशिष्ठी दाभोळपाशी समुद्राला. त्या पाण्यानं भरतीच्या वेळी होड्या खेडपर्यंत येत. खाडीपट्ट्यातली बरीच मुसलमान कुटुंबं बोटींवर नोकरीला होती, पुढे त्यांची मुलं आखातात गेली. गिरणगावात एकेका गावाची खोली असे. पहिल्या पाळीचा गडी उठून गेला की त्याच जागी रात्रपाळीचा येऊन झोपे. मुंबईत पाऊल ठेवणारा नवा पोरगा स्टेशनावरून किंवा धक्क्यावरून थेट गावच्या खोलीवर जाई, कारण दुसरा पत्ता त्याच्याकडे नसेच. कोण कुठल्या गिरणीत लागला, कुणी खाडे केले, कुणी दारू धरली, कुणाची मनिऑर्डर दोन महिने गेली नाही, हे सगळं खोलीतल्या माणसांना ठाऊक असे आणि शिमग्याला गावी आलेल्या पहिल्या माणसाबरोबर ते वाडीत पोचे.

मनिऑर्डरची सोय भारतात १८८० पासूनची. कोकणातल्या कित्येक घरांना ती शेतीइतकीच आधाराची झाली. फॉर्मच्या तळाशी दोन ओळी लिहायला जागा असे. पाठवणारा कुठे आहे, बरा आहे का, गणपतीला येणार का, हे त्या दोन ओळींत मावे. बाईला वाचता येत नसेल तर पोस्टमनच वाचून दाखवी. म्हणजे वाडीतल्या कोणत्या घरचा माणूस कुठे आहे आणि महिन्याला किती पाठवतो, याची पुरी माहिती एका पोस्टमनच्या डोक्यात असे. तो ती बाजारात सांगत सुटला तर त्याला जाब विचारता येई. त्याचं घरही त्याच पंचक्रोशीत होतं.

१५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड आला. त्याची आखणी करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. खेडचा आकडा ४१५७०९. त्यातला ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड हा पट्टा. ४१५ मध्ये सातारा आणि सांगलीच्या काही भागाबरोबर रत्नागिरी, चिपळूण, दापोली येतात. हा पत्ता पत्राच्या कामाचा होता, माणसाच्या मागावर राहण्याचा नव्हता. खेडचा माणूस पनवेलला मावशीकडे महिनाभर राहिला तरी पिनकोडला ते कळायचं काही कारण नव्हतं.

माणूस कुठे आहे हे कुणालाच माहीत नसणं मात्र जीवघेणं ठरत असे. १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. सकाळी झालेल्या या अपघाताची बातमी मुंबईला कळायला संध्याकाळ झाली. कोकणातल्या कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला त्या दिवसाविषयी विचारावं, फोनवर लोकेशन पाठवण्यात लोकांना एवढा दिलासा का वाटतो हे लगेच कळतं. हा दिलासा खरा आहे आणि तो कमी लेखण्यात अर्थ नाही.

१९९५ हे साल खेडसाठी दोन कारणांनी महत्त्वाचं. त्या वर्षी कोकण रेल्वे वीरहून पुढे खेडपर्यंत आली, आणि त्याच वर्षी ३१ जुलैला पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीत दूरसंचार मंत्री सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल कॉल केला. खेडच्या घाटमाथ्यावर रेंज पोचायला पुढे बरीच वर्षं गेली. पण रेंज आली तेव्हा तिच्याबरोबर आणखी एक गोष्ट आली, आणि तिच्याविषयी ग्राहकाला कुणी सांगितलं नाही. मोबाइल खिशात नुसता चालू असला, कुणाशी बोलणं चाललं नसलं, तरी तो जवळच्या टॉवरला आपली खबर देत असतो. द्यावीच लागते, नाहीतर येणारा कॉल कुठल्या टॉवरकडे वळवायचा हे कंपनीला कळणार नाही. या नोंदींतूनच ‘टॉवर लोकेशन’ मिळतं, जे आता प्रत्येक गुन्ह्याच्या बातमीत वाचायला मिळतं. तपासासाठी पोलिसांनी ते रीतसर मागवणं वेगळं. पण २०१८ मध्ये ठाणे पोलिसांनी याच नोंदी बेकायदा मिळवून विकल्याच्या आरोपावरून खासगी गुप्तहेरांना अटक केली, तेव्हा ही माहिती बाजारातही मिळते हे उघड झालं.

याच टॉवरचा उपयोग कोकण रेल्वेच्या प्रवाशानं स्वतःसाठीही केला. ‘व्हेअर इज माय ट्रेन’ हे बंगळुरूच्या एका छोट्या कंपनीचं अ‍ॅप इंटरनेट आणि जीपीएस नसतानाही गाडी कुठे आहे ते सांगतं. डब्यातला फोन कोणत्या टॉवरच्या टप्प्यात आहे त्यावरून ते अंदाज बांधतं. नातूवाडीचा चार किलोमीटरहून लांब बोगदा लागला की टॉवर सुटतो, दिवाणखवटीला बाहेर पडल्यावर पुन्हा सापडतो, आणि खेडला उतरणारा आपली पिशवी वरून खाली काढतो. २०१८ च्या डिसेंबरात गूगलनं ही कंपनी विकत घेतली.

गणपतीच्या आदल्या दोन दिवसांत महामार्गावर माणगाव, इंदापूर, कोलाड इथं गूगलच्या नकाशात जी लालभडक रेघ उमटते, तीही चाकरमान्यांच्या फोनांनीच काढलेली असते. हजारो खिशांतले फोन एकाच रस्त्यावर गोगलगायीच्या चालीनं सरकत आहेत हे कंपनीच्या यंत्रांना दिसतं, त्यावरून कोंडी ठरते, आणि मागून येणाऱ्याला ताम्हिणी किंवा वरंधा घाटाची वाट सुचवली जाते. हे काम फुकट आणि उपयोगी आहे. मात्र त्याच नोंदींवरून फोन आणखीही बरंच ओळखतो. रोज रात्री जिथे थांबतो ते घर, दिवसा जिथे थांबतो ते कामाचं ठिकाण. दर आठवड्याला तासभर ज्या दवाखान्यात जातो तो दवाखाना. वर्षातून एकदा सप्टेंबरच्या आसपास ज्या वाडीत आठवडाभर मुक्काम असतो ते गाव. गावच्या खोलीला जे कळायला सहा महिने लागत, ते इथं पंधरवड्यात कळतं.

आणि खोलीतल्या माणसांना हे कळत होतं ते त्यांचं त्या माणसाशी नातं होतं म्हणून. फोनमधली नोंद कुठे जाते? २०१८ च्या ऑगस्टमध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेनं दाखवून दिलं की गूगलमधली ‘लोकेशन हिस्टरी’ बंद केली तरी गूगलच्या इतर सेवा ठिकाण साठवत राहतात. अमेरिकेतल्या ४० राज्यांच्या महाधिवक्त्यांनी चौकशी केली आणि २०२२ च्या नोव्हेंबरात गूगलनं ३९ कोटी १५ लाख डॉलर देऊन ते प्रकरण मिटवलं. पुढे गूगलनं हा प्रवासाचा इतिहास आपल्या सर्व्हरऐवजी फोनवरच ठेवण्याचं ठरवलं. पण फोनमध्ये गूगल एकटं नसतं. हवामान सांगणारं, कर्ज देणारं, पत्त्यांचा खेळ खेळवणारं, अशी कितीतरी अ‍ॅप लोकेशनची परवानगी मागतात. मागितली की बहुतेक जण देतात, कारण नाही म्हटलं तर अ‍ॅप चालणार नाही अशी भीती असते. पुष्कळदा ते नाही म्हटल्यावरही चालतं.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपण हा मूलभूत हक्क ठरवला. ८ जुलै २०२४ चा निकाल या लेखाच्या विषयाला आणखी जवळचा आहे. अमली पदार्थांच्या खटल्यातल्या फ्रँक व्हायटस या नायजेरियन आरोपीला जामीन देताना अट घातली गेली होती की त्यानं गूगल मॅप्सवर आपल्या जागेची पिन टाकून ती तपास अधिकाऱ्याला दिसेल असं करावं. न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांनी ती अट रद्द केली. आरोपीच्या प्रत्येक हालचालीवर सतत नजर ठेवता येईल अशी जामिनाची अट म्हणजे त्याला एक प्रकारे कैदेतच ठेवणं आहे, आणि ती घटनेच्या २१ व्या कलमाविरुद्ध जाते, असा त्या निकालाचा अर्थ. १९२४ मध्ये रत्नागिरीच्या हद्दीत बांधून घातलेल्या माणसाला आणि सोलापूरच्या कुंपणातल्या माणसांना असं न्यायालय मिळालं नव्हतं.

आरोपीच्या बाबतीत जे न्यायालयाला खटकलं, ते कसलाही आरोप नसलेल्या माणसाच्या बाबतीत रोज घडतं आहे, आणि ते थांबवायला अजून पुरेसा कायदा हाताशी नाही. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला, आणि कंपन्यांवरची मुख्य बंधनं त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायची आहेत. ती लागू झाली की खेडच्या भरणे नाक्यावरचा रिक्षावालासुद्धा एखाद्या कंपनीला विचारू शकेल की माझी कोणती माहिती तुमच्याकडे आहे, आणि ती पुसून टाका असंही सांगू शकेल. सरकारी यंत्रणांना मात्र त्याच कायद्याच्या १७ व्या कलमानं अधिसूचना काढून सूट घेण्याची मुभा ठेवली आहे. ज्या देशानं अख्ख्या जमातींची हजेरी घेतली, तिथं ही मुभा फार अरुंद असायला हवी होती. संसदेत तिच्यावर सविस्तर वाद व्हायला हवा होता, आणि नियम अमलात येतील तेव्हा तो पुन्हा उकरून काढावा लागेल.