न्यूमोनिया, बालकांमधील : परिचर्या व व्यवस्थापन

जंतुसंसर्गामुळे फुप्फुसांतील वायुकोशांना सूज येऊन त्यांत द्रव किंवा पू साचण्याच्या विकाराला न्यूमोनिया म्हणतात. खालच्या श्वसनमार्गाच्या संसर्गांत हा सर्वांत घातक असून पाच वर्षांखालील बालके त्याला सर्वाधिक बळी पडतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१९ मध्ये जगभरात या वयातील सुमारे ७ लाख ४० हजार बालके न्यूमोनियाने दगावली. या वयातील एकूण मृत्यूंपैकी हे प्रमाण १४ टक्के होते. यांतील बरेच मृत्यू टाळता येण्याजोगे आहेत. प्रतिजैविके स्वस्त आहेत, प्राणवायू देण्याची पद्धत सोपी आहे. मूल वाचते की नाही, हे बहुतेक वेळा धाप कोणी व किती लवकर ओळखली आणि पुढचे काही दिवस त्याच्याकडे कोणी लक्ष ठेवले यावर ठरते. म्हणून या आजारात परिचर्या हा उपचाराचाच गाभा आहे.

स्वरूप व कारणे : स्ट्रेप्टोकॉकस न्यूमोनिये (न्यूमोकॉकस) आणि हिमोफिलस इन्फ्लुएन्झा ‘बी’ हे जिवाणू, तसेच रेस्पिरेटरी सिन्सिशियल विषाणू (आरएसव्ही) ही प्रमुख कारणे होत. गोवर, डांग्या खोकला व इन्फ्लुएन्झा यांच्या पाठोपाठही न्यूमोनिया होतो. वायुकोश द्रवाने भरले की रक्तात प्राणवायू पुरेसा मिसळत नाही. ती तूट भरून काढण्यासाठी मूल भराभर श्वास घेते. फुप्फुसे ताठर झाल्याने प्रत्येक श्वासाला जास्त जोर लागतो आणि छातीचा खालचा भाग आत ओढला जातो. ही धडपड फार वेळ चालली की मूल थकते, दूध ओढणे सोडते आणि ग्लानीत जाते. कुपोषित, कमी वजनाच्या व सहा महिन्यांच्या आतील बाळांत हा सगळा प्रवास काही तासांतच घडू शकतो.

ओळख : धाप हे सर्वांत विश्वसनीय लक्षण आहे. दोन महिन्यांखालील बाळात मिनिटाला ६० किंवा अधिक, २ ते ११ महिन्यांच्या बाळात ५० किंवा अधिक आणि १ ते ५ वर्षांच्या मुलात ४० किंवा अधिक श्वास असल्यास श्वासगती वाढलेली समजतात. मूल शांत असताना, झबले वर करून, छाती-पोटाच्या हालचालीकडे पाहत पूर्ण एक मिनिट श्वास मोजावे लागतात. रडताना किंवा दूध पिताना केलेली मोजणी ग्राह्य नसते. लहान बाळाचा श्वास मुळातच अनियमित असल्याने पंधरा सेकंद मोजून चारने गुणणे चुकीचे ठरते. मोजणी मर्यादेच्या वर गेल्यास ती पुन्हा करतात.

दूध किंवा पाणी पिता न येणे, सतत उलट्या, झटके, गुंगी किंवा बेशुद्धी, शांत असतानाही श्वास घेताना घरघर आणि तीव्र कुपोषण ही धोक्याची चिन्हे आहेत. यांपैकी एकही दिसल्यास मुलाला तातडीने रुग्णालयात हलवतात. दोन महिन्यांखालील बाळाला ताप नसेलही. उलट त्याचे अंग गार पडते. त्यामुळे या वयातील वाढलेली श्वासगती गंभीर संसर्गाची खूण मानून बाळाला लगेच डॉक्टरांकडे नेतात.

रुग्णालयातील परिचर्या : दाखल केल्यावर श्वासगती, छाती आत ओढली जाणे, ओठ व जिभेचा रंग, शुद्धी, तापमान, वजन आणि पल्स ऑक्सिमीटरवरील प्राणवायूची पातळी यांची नोंद होते. बाळाचे बोट किंवा पाऊल गार असेल किंवा हलत असेल तर यंत्र फसवा आकडा दाखवते. म्हणून यंत्रावरील नाडी आणि स्टेथोस्कोपने मोजलेले ठोके जुळतात का, हे पाहूनच परिचारिका नोंद करते.

पातळी ९० टक्क्यांखाली असेल तर प्राणवायू सुरू करतात. त्यासाठी नाकपुड्यांत बसणाऱ्या नळ्या, म्हणजे नेझल प्राँग्ज, सोयीच्या असतात. दोन महिन्यांखालील बाळाला मिनिटाला अर्धा ते एक लिटर आणि त्याहून मोठ्या मुलाला एक ते दोन लिटर प्रवाहाने सुरुवात करतात. दर तीन तासांनी नळ्या जागेवर आहेत का, शेंबडाने बुजल्या आहेत का, जोडणी गळते का, हे तपासावे लागते. नळी नाकातून सरकली असेल तर सिलिंडर भरलेला असूनही बाळाला प्राणवायू मिळत नाही. प्रकृती सुधारल्यावर काही मिनिटे प्राणवायू बंद ठेवून पातळी टिकते का ते पाहतात. बंद केल्यावर अर्ध्या तासाने आणि पुढे पहिला दिवसभर दर तीन तासांनी पुन्हा मोजतात. साध्या प्राणवायूने भागत नसेल तर बबल सीपॅप वापरतात. त्यात श्वास सोडण्याची नळी पाण्यात बुडवून फुप्फुसांत सौम्य दाब टिकवला जातो. ढाक्यातील एका रुग्णालयात डॉ. मोहम्मद जोबायेर चिश्ती व सहकाऱ्यांनी केलेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, साध्या प्रवाहाचा प्राणवायू मिळालेल्या गटात १५ टक्के, तर बबल सीपॅप मिळालेल्या गटात ४ टक्के बालके दगावली.

बाळाचे डोके व खांदे किंचित उंच ठेवतात, मान पुढे दुमडू देत नाहीत. घरचे माणूस जवळ असेल तर बाळाला त्याच्या छातीशी टेकवून बसवणे सर्वांत चांगले, कारण रडण्यात प्राणवायू खर्ची पडतो. नाक चोंदले असेल तर मिठाच्या पाण्याचे थेंब टाकून हलकेच स्राव काढतात. छाती थोपटण्याचा नेहमीचा व्यायाम साध्या न्यूमोनियात उपयोगी ठरलेला नाही. त्याने मूल दमते, म्हणून तो टाळतात. ताप ३९ अंश सेल्सिअस किंवा अधिक असून मूल अस्वस्थ असेल तर वजनानुसार पॅरासिटामॉल देतात. नवजात बाळाला ऊब देण्यासाठी आईच्या अंगाशी उघडे धरण्याची कांगारू पद्धत वापरतात.

आहाराकडे दुर्लक्ष झाले तर औषधाचा गुण येण्याआधीच मूल खंगते. अंगावर पिणाऱ्या बाळाला थोड्या थोड्या वेळाने पाजतात. बाळ ओढू शकत नसेल तर पिळून काढलेले आईचे दूध वाटी-चमच्याने किंवा नाकातून पोटात घातलेल्या नळीने देतात. धाप फार असताना तोंडाने भरवल्यास घास किंवा दूध श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. शिरेतून अतिरिक्त सलाईन दिल्यास फुप्फुसांत पाणी साचू शकते, म्हणून किती द्रव दिले व किती लघवी झाली, याचा ताळेबंद ठेवावा लागतो.

गंभीर न्यूमोनियात सामान्यतः अँपिसिलीन व जेंटामायसिन ही इंजेक्शने देतात. डोस वजनावर ठरतो, म्हणून वजनाची नोंद अचूक असणे आणि डोस ठरलेल्या वेळी देणे ही परिचारिकेची मोठी जबाबदारी असते. परिचारिकेने मुलाला किमान दर तीन तासांनी आणि डॉक्टरांनी दिवसातून किमान दोनदा तपासावे, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन आहे. रात्रपाळीत एकाच सिस्टरवर भरलेला वॉर्ड सोपवला तर हे मार्गदर्शन कागदावरच राहते. पुरेसे परिचारिकाबळ हा प्राणवायूइतकाच या उपचाराचा आवश्यक भाग आहे. एका बाळाला हाताळून दुसऱ्याकडे जाताना हात धुणे, खाटांमध्ये अंतर राखणे आणि खिडक्या उघड्या ठेवणे यांमुळे वॉर्डातला फैलाव कमी होतो.

घरी उपचार : श्वासगती वाढलेली किंवा छाती आत ओढली जात असूनही धोक्याचे एकही चिन्ह नसेल, मूल नीट पीत असेल आणि प्राणवायूची पातळी चांगली असेल, तर वैद्यकीय सल्ल्याने अमॉक्सिसिलीन देऊन घरी उपचार करता येतात. पाण्यात किंवा आईच्या दुधात विरघळणारी गोळी देणे सोपे जाते. पहिला डोस आरोग्यसेविकेने स्वतःसमोर द्यायला लावावा, पुढचे डोस कसे द्यायचे ते आईकडून वदवून घ्यावे आणि दोन-तीन दिवसांत मुलाला पुन्हा पाहावे. बरे वाटले म्हणून गोळ्या मध्येच थांबवू नयेत. धाप वाढली, पिणे थांबले किंवा मूल झोपेतून उठेना झाले, तर उजाडण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

बाळाच्या नाकात तेल सोडल्यास ते फुप्फुसांत उतरून वेगळाच न्यूमोनिया होऊ शकतो. बाळंतिणीच्या बंद खोलीतली शेगडी व ओवा-वावडिंगाची धुरी बाळाच्या श्वासमार्गाला त्रासदायक ठरते. पोटावर चटके देण्याने तर जखमा होतात आणि उपचाराचे मोलाचे तास वाया जातात. हे सांगताना असे उपाय करणाऱ्या घरच्या आजीला दोष देऊ नये. तिला विश्वासात घेऊन श्वास मोजायला शिकवावे, कारण घरात बाळाकडे सर्वांत जास्त लक्ष तिचेच असते.

गडचिरोलीचा प्रयोग : डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये स्थापन केलेल्या ‘सर्च’ या संस्थेने रुग्णालयापासून दूर असलेल्या गावांतही न्यूमोनियाचे मृत्यू रोखता येतात, हे दाखवून दिले. गावातील आरोग्य कार्यकर्ते व सुईणींना श्वास मोजून आजार ओळखायला आणि को-ट्रायमॉक्साझोल द्यायला शिकवले गेले. १९९० मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, उपक्रम राबवलेल्या ५८ गावांत उपचार मिळालेल्या मुलांपैकी ०.८ टक्के दगावली. तुलनेसाठी घेतलेल्या ४४ गावांत हे प्रमाण १३.५ टक्के होते. लिहिता-वाचता न येणाऱ्या सुईणींसाठी वाळूचे घड्याळ आणि मणी असलेले श्वासमापक साधन तयार केले गेले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, एवढेच त्यात करावे लागे. याच संस्थेने पुढे घडवलेली घरोघरी नवजात बालसेवेची पद्धत देशभरातील आशा कार्यकर्त्यांच्या कामाचा भाग झाली. केंद्र सरकारने २०१९ मध्ये बालन्यूमोनियाविरुद्ध ‘सांस’ मोहीम सुरू केली. तीत आशा कार्यकर्तीला अमॉक्सिसिलीनचा पहिला डोस देऊन मूल पुढे पाठवण्याची मुभा आहे.

प्रतिबंध : पहिले सहा महिने फक्त आईचे दूध, पुरेसा पूरक आहार, हात धुण्याची सवय आणि चुलीच्या व विडी-सिगारेटच्या धुरापासून बचाव हे मूलभूत उपाय आहेत. हिमोफिलस ‘बी’विरुद्धचे संरक्षण पेंटाव्हॅलंट लसीतून मिळते. न्यूमोकॉकसविरुद्धची पीसीव्ही लस २०१७ पासून सार्वत्रिक लसीकरणात टप्प्याटप्प्याने आली आणि २०२१ मध्ये देशभर लागू झाली. ती सहाव्या व चौदाव्या आठवड्यात आणि नवव्या महिन्यात देतात. गोवराची लसही न्यूमोनियाचे मृत्यू घटवते. तरीही कोणतीच लस सर्व जंतूंना पुरी पडत नाही. म्हणून लसीकरण पूर्ण झालेल्या मुलालाही खोकल्यासोबत धाप लागली तर त्याचे श्वास मोजून लगेच आरोग्य केंद्र गाठावे.